मेडिकल तळघरात आहे

रात्रीचे सव्वाअकरा झालेत. आयसीयूचं दार अर्धवट उघडतं आणि सिस्टर हाक मारते, "सात नंबरचे नातेवाईक!" बाकांवर आडवी झालेली माणसं एकदम उठून बसतात. माझा मामा नऊ नंबरला आहे, तरी माझ्याही छातीत धस्स होतं. सात नंबर म्हणजे इंदापूरकडच्या एका पन्नाशीच्या माणसाची आई. गेले तीन दिवस तो इथेच आहे, चादर आणि पाण्याची बाटली घेऊन.

"काका, खाली मेडिकलमधून एवढं आणा. लगेच लागणार आहे." चिठ्ठी त्याच्या हातात देऊन सिस्टर आत जाते. चिठ्ठी इंग्रजीत आहे. तो ती डोळ्यांजवळ नेतो, लांब धरतो आणि माझ्याकडे बघतो. "ताई, येता का जरा खाली?"

पुण्यातल्या या मोठ्या रुग्णालयाचं मेडिकल तळघरात आहे. इतक्या रात्रीही खिडकीपुढे पाच-सहा जण उभे आहेत. आमचा नंबर येतो तसा काउंटरवरचा मुलगा झपाझप सामान काढून ठेवतो: अँटिबायोटिकच्या चार बाटल्या, आयव्ही सेट, सिरिंज, हातमोज्यांचा खोका, मोठ्यांचे डायपर. छापील बिल बाहेर येतं. ६,८४० रुपये.

"काही कमी होईल का?"

"काका, एमआरपी आहे. वर एक रुपया घेत नाही आम्ही."

मुलगा खोटं बोलत नाही, आणि सगळा पेच इथेच आहे. छापील किमतीच्या वर विकलं तर गुन्हा, आत विकलं तर नाही. पण ती किंमत छापतो कोण? ज्याचा माल तोच. आवश्यक औषधांच्या यादीत जे येतं त्याला २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने सरकार कमाल मर्यादा घालतं. यादीबाहेरच्या औषधाची किंमत वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, पण पहिल्या दिवशी ती किती लावायची हे कंपनीच्या हाती. मग रुग्णालय ठोक खरेदी करताना कोणता माल उचलेल? छापील आकडा मोठा आणि खरेदीचा भाव लहान असलेला. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसला. स्पर्धेने भाव उतरतात असं आपण शाळेत शिकलो. इथे स्पर्धा चालते ती जास्तीत जास्त किंमत छापण्याची, कारण निवडतो एक आणि पैसे मोजतो दुसरा.

तो स्वेटर वर करून बंडीच्या खिशातून नोटा काढतो. चार हजार आणि वर काही. "भावाला फोन लावतो, तो मोबाइलवर टाकंल," म्हणतो. बारा वाजत आलेत, भाऊ फोन उचलत नाही.

"रस्त्यापलीकडे चोवीस तासांचं मेडिकल आहे. तिथे विचारू या," मी म्हणते.

तो थबकतो. आवाज खाली आणतो. "ताई, भायेरून आणलं तर हे आत घेतील का? आन् घेतलं, तरी आईकडं नीट बघतील ना?"

त्याला बाजारभाव कळत नाही असं नाही. गावाकडे तो युरियाच्या गोणीमागे दहा रुपयांसाठी तीन दुकानं फिरत असणार. पण आई काचेआड आहे, आणि ज्यांच्या हातात तिचा जीव आहे त्यांना नाराज करायची हिंमत त्याच्यात नाही. अडलेलं गिऱ्हाईक म्हणतात ते हेच.

स्पर्धा आयोगापुढे २०१५ मध्ये नेमकं हेच गाऱ्हाणं आलं होतं, दिल्लीच्या एका बड्या रुग्णालयाबद्दल आणि एका सिरिंजवरून. कंपनी एकच. रुग्णालयाच्या दुकानातल्या सिरिंजवर छापील किंमत १९ रुपये ५० पैसे, बाहेरच्या दुकानातल्या सिरिंजवर ११ रुपये ५० पैसे. २०१८ मध्ये आयोगाने चौकशी त्या एका रुग्णालयापुरती न ठेवता तिथल्या इतर मोठ्या रुग्णालयांपर्यंत वाढवली. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा गेला, त्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला, मक्तेदारीच्या गैरवापराविरुद्धची त्याची कलमं २० मे २००९ पासून लागू झाली. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, १९९५ मध्ये सांगून ठेवलं होतं. कायदे आहेत. मात्र ज्याला त्यांची गरज आहे तो आत्ता या खिडकीपुढे चार हजार रुपये मुठीत धरून उभा आहे, आणि त्याच्याकडे फार तर अर्धा तास आहे.

मी फलक शोधते. बाहेरून औषधं आणायला मोकळीक आहे असा फलक लावा, असं आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रुग्णालयांतल्या मेडिकलना बजावलं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषधं घ्यायच्या सक्तीबद्दलची याचिका निकाली काढताना स्वतः आदेश दिला नाही, धोरण ठरवणं राज्यांवर सोपवलं. फलक इथे आहे. खिडकीच्या डाव्या बाजूला, प्रोटीन पावडरच्या डब्यांच्या रांगेमागे. वरची एक ओळ तेवढी दिसते.

मी ती ओळ बोटाने दाखवते. तो सावकाश वाचतो, पुन्हा वाचतो. "मंग चला," म्हणतो.

फाटकाशी मोटारसायकलवरचा एक पोरगा पाठीवर मोठी पिशवी घेऊन रखवालदाराशी हुज्जत घालतोय. कुणीतरी मोबाइलवरून औषध मागवलंय. "बाहेरचं औषध वर जात नाही," रखवालदार म्हणतो. असा नियम कुठे लिहिलाय, हे मी विचारते. तो गप्प होतो, मग म्हणतो, "आम्हाला सांगितलंय तसं करतो, मॅडम." शेवटी पेशंटचा मुलगा खाली येऊन पाकीट घेऊन जातो.

पलीकडच्या दुकानात म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचतात. अँटिबायोटिक त्याच कंपनीचं, छापील किंमत तीच, पण पंधरा टक्के कमी. डायपर वीस टक्के कमी. आयव्ही सेट दुसऱ्या कंपनीचा, आतल्याच्या निम्म्याहून स्वस्त. एकूण ४,९६० रुपये. आठशे मी घालते. तो नको नको म्हणतो, नंतर माझा नंबर लिहून घेतो. "बिल पक्कं द्या, बॅच नंबर टाकून," मी दुकानदारांना सांगते. "ते देतोच की," ते म्हणतात.

वर आयसीयूच्या दाराशी सिस्टर पिशवी उघडते. बाटल्यांवरची तारीख बघते, बॅच नंबर बिलाशी ताडते. हे तिने करायलाच हवं. औषध बनावट किंवा मुदत संपलेलं निघालं तर त्याची झळ सात नंबरला लागणार. "डॉक्टरांना विचारते," म्हणून ती आत जाते. आम्ही दोघं उभेच. तो चप्पल काढून हातात धरतो, का ते त्यालाही ठाऊक नसावं. सात-आठ मिनिटांनी दार उघडतं.

"चालेल, काका. इंजेक्शन सुरू केलंय. बसा आता."

तो बसतो. पक्कं बिल घडी करून बंडीच्या खिशात ठेवतो.

पहाटे साडेपाचला मी चहासाठी खाली उतरते. काउंटरवर दुसरा मुलगा आहे, ड्यूटी बदललेली. मी त्याला पावडरचे डबे बाजूला सरकवायला सांगते. तो माझ्याकडे बघतो, फलकाकडे बघतो आणि एकेक डबा उचलून आत ठेवतो. फलक आता खिडकीपुढे उभं राहून सगळा वाचता येतो.