बाणासमोर बाण

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले आहेत. प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवली तरी घरंगळते, म्हणून ठोकळे आधी, पाना नंतर. सदर भागातल्या मंगळवारी बाजारामागची गल्ली, मे महिन्याची सकाळ, आणि पत्रा आत्ताच तापायला लागलेला.

"क्लच सोडला का खट्ट वाजते, अन् पन्नासच्या वर सीट थरथरून राहिली," ड्रायव्हर सांगतो. मिस्त्री फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतात आणि मगच बोल्ट सोडतात.

शाफ्ट व्हाइसमध्ये बसतो. सर्क्लिप निघते, हातोडीचे मोजके ठोके पडतात आणि क्रॉसची टोपी बाहेर येते. आतल्या सुई-बेअरिंगच्या सळया झिजून त्यांचा तांबूस भुगा झाला आहे. मिस्त्री क्रॉस माझ्या हातात देतात. त्याच्या दांड्यांवर नखाला लागतील इतक्या खोल रेघा उमटल्या आहेत. ग्रीस आटलं, की इंजिनाचा सगळा पीळ या चार दांड्यांवर कोरडाच येतो.

गिअरबॉक्स चासीला घट्ट बांधलेला, तर मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर वर-खाली होणारा. या दोघांमध्ये फिरणाऱ्या शाफ्टला कोनही बदलावा लागतो आणि लांबीही. कोनासाठी क्रॉस, लांबीसाठी स्प्लाइन. इटलीच्या कार्डानोचं (1501–1576) नाव या शाफ्टला मिळालं. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये क्रॉसचा हा सांधा वापरला. पण त्यात एक खोड आहे. कोनात चालणारा एकटा सांधा एकसारखा फिरत नाही. कोन 20 अंशांचा आणि आत येणारे फेरे मिनिटाला 1000 असले, तर बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 940 पर्यंत उतरतो आणि दोनदा 1064 पर्यंत चढतो. दुसरा सांधा हीच चूक उलटी करून पुसतो. मात्र दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे क्रॉस धरणारे दोन्ही योक एका रेषेत.

नवा क्रॉस बसतो. ग्रीसगन चालते ती चारही टोप्यांच्या सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. हाताखालचा पोरगा स्प्लाइन जुळवून शाफ्ट आत सरकवतो. सहज जातो.

"थांब बे. बाण पाह्यला का?"

मिस्त्री चिंधीने मळ पुसतात. नळीवर कोरलेला बाण एकीकडे, योकवरचा दुसरीकडे. स्प्लाइन कुठल्याही दातावर बसते, नेमकी इथेच फसगत होते. असाच शाफ्ट चढला असता, तर नवा क्रॉस घालूनही थरथर राहिली असती आणि दोष सुट्या भागावर गेला असता. या कामातलं खरं ज्ञान मला त्या चिंधीपाशी दिसतं. पोरगा शाफ्ट बाहेर ओढतो, फिरवतो, बाणासमोर बाण आणतो.

फ्लँजची रेघ रेघेला मिळते, बोल्ट कसले जातात. कामठी रोडवर एक फेरी मारून ड्रायव्हर परततो.

"वाजून नाही राहिली."

"चार दिवसांनी बोल्ट पुन्हा कसून घेजा," मिस्त्री सांगतात, "अन् ग्रीस विसरू नका, भाऊ."