संध्याकाळी सातची वीज कुठून येते? : कुंभकोणम, मेट्टूर आणि कोळसा

आजच्या भागात आपण तमिळनाडूतल्या एका गावाची वीज समजून घेणार आहोत. ती समजली की नागपूर, बेळगाव, इंदूर, कुठल्याही गावाची समजेल.

कुंभकोणम हे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं गाव. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथल्याच तंजावरी मराठी कुटुंबात जन्मले. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधे वसलेलं, चहूकडे भातशेती. गावात औष्णिक केंद्राची चिमणी नाही. मग इथली वीज कोळशाची कशी?

कोळशाचा प्रवास

तमिळनाडूत लिग्नाइट मिळतो, दगडी कोळशाच्या खाणी नाहीत. सरकारी वीज कंपनीची मोठी औष्णिक केंद्रं तीन ठिकाणी आहेत : उत्तर चेन्नई, तुतुकुडी आणि मेट्टूर. त्यांच्यासाठी बराचसा कोळसा ओडिशातल्या तालचेरहून निघतो. आधी रेल्वेने पारादीप बंदर, मग जहाजाने तमिळनाडूचा किनारा. मेट्टूर समुद्रापासून लांब, म्हणून तिथे शेवटचा टप्पा पुन्हा रेल्वेने.

मेट्टूरला २१० मेगावॅटचे चार आणि ६०० मेगावॅटचा एक संच आहे. एक युनिट विजेला साधारण ०.७ किलो भारतीय कोळसा लागतो. म्हणजे २१० मेगावॅटचा एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला सुमारे साडेतीन हजार टन. जवळपास एक अख्खी मालगाडी! त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच राख म्हणून मागे उरतो.

०.७ किलो कोळसा, १ किलो वायू

इथे अनेकांना शंका येते. जाळला ०.७ किलो, मग कार्बन डायऑक्साइड एक किलो कसा? उत्तर सोपं आहे. जळताना कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन, मिळून ४४ ग्रॅम वायू. बाकीचं वजन हवेतून येतं.

लिग्नाइटचं गणित आणखी वाईट. कुंभकोणमच्या उत्तरेला नेयवेलीत केंद्र सरकारची एनएलसी कंपनी तो काढते. त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. बरीच उष्णता ते वाळवण्यात जाते, आणि युनिटमागे उत्सर्जन वाढतं.

शिवाय सल्फर डायऑक्साइड. तो रोखणारी यंत्रणा बसवण्याचे नियम २०१५ मध्ये आले. मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना त्या सक्तीतून सूट मिळाली.

पवनचक्क्या आहेत, मग अडतं कुठे?

तमिळनाडूत पवन ऊर्जेची क्षमता दहा हजार मेगावॅटहून जास्त आहे, सौर प्रकल्पही मोठे आहेत. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज या दोन वेगळ्या गोष्टी. वारा मुख्यतः मे ते सप्टेंबर. सूर्य संध्याकाळी मावळतो, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. ही दरी बऱ्याच अंशी कोळसा भरतो.

दुसरी अडचण म्हणजे कोळशाचा संच बटण दाबून बंद-चालू होत नाही. थंड संच सुरू व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून संध्याकाळी हवा असलेला संच दुपारी भरपूर ऊन असतानाही निम्म्या-पाऊण क्षमतेवर जळत ठेवावा लागतो. कमी भारावर त्याची कार्यक्षमताही घसरते.

शेतकऱ्याचा संबंध

मेट्टूरचं धरण १९३४ चं. कुंभकोणमच्या शेताला पाणी तिथूनच येतं. कुरुवै या भाताच्या हंगामासाठी धरण उघडण्याची परंपरागत तारीख १२ जून. २०२४ मध्ये पाणीच नव्हतं, धरण जुलैअखेर उघडलं. एका वर्षाचा दोष थेट कोळशावर टाकता येणार नाही. पाऊस आहे, कर्नाटकाशी पाणीवाटप आहे. पण हवामान बदलाने पाऊस आणखी बेभरवशाचा होतो, आणि त्याची झळ आधी लागते ती धरणाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला. कालव्याला पाणी नसलं की तो बोअरवेलचा पंप लावतो. शेतीची वीज तिथे फुकट आहे, पण ती बनवताना कोळसा जळतोच.

मार्ग कोणता?

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवणं. कोइमतूर जिल्ह्यातल्या कडंपारैला ४०० मेगावॅटचा असा प्रकल्प जुना आहे : वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडायचं. निलगिरीत कुंदा इथे ५०० मेगावॅटचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. बॅटऱ्या हा दुसरा उपाय. तिसरा सगळ्यात स्वस्त : मागणीच दुपारकडे सरकवणं. महाराष्ट्रात २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हेच करते, शेतीपंपांना दिवसा सौर वीज.

म्हणून पुढच्या वेळी एखादी वीज कंपनी ‘आमची इतके हजार मेगावॅट हरित क्षमता’ असं सांगेल, तेव्हा एकच प्रश्न विचारा : संध्याकाळी सात वाजता त्यातली किती चालू असते? कुंभकोणमच्या भाताचं आणि आपल्या सोयाबीनचं, कापसाचं भवितव्य त्या उत्तराशी बांधलेलं आहे.