कापडी डायपर घेताय? आधी धुण्याचे गणित जुळवा

बाळ घरी आले की दोरीवर लंगोट आणि दुपटी दिसू लागतात. आता त्यांच्या शेजारी बटणांचे रंगीत कापडी डायपरही वाळताना दिसतात. एकदा खर्च केला की दोन-अडीच वर्षे चिंता नाही, या हिशेबाने अनेक पालक ते घेतात. मात्र महिनाभरात गळती, वास किंवा पुरळ यांना कंटाळून हे डायपर कपाटात जातात. बहुतेक वेळा चूक डायपरची नसते, धुण्याच्या पद्धतीची असते.

लंगोट आणि कापडी डायपर यात फरक काय?

लंगोट म्हणजे नुसते सुती कापड. ओले झाले की लगेच कळते आणि लगेच बदलावे लागते. कापडी डायपरला बाहेरून पाणी न झिरपणारे आवरण असते आणि आत ओल शोषणारी घडी, म्हणजे ‘इन्सर्ट’. खिशाच्या प्रकारात दर वेळी पूर्ण डायपर बदलावा लागतो. नुसत्या आवरणाच्या प्रकारात शी लागली नसेल, तर आवरण पुसून फक्त घडी बदलता येते. मायक्रोफायबरची घडी थेट त्वचेला लावू नये. ती त्वचेतील ओलावाही शोषते.

सुरुवात कितीने करावी?

नवजात बाळाचे कापड दिवसाला दहा-बारा वेळा बदलावे लागते. त्यामुळे पहिल्या महिन्यात दोन-तीन डझन सुती लंगोटच सोयीचे. नाळ पडेपर्यंत कापड बेंबीच्या खाली बांधावे. कापडी डायपर आधी तीन-चारच घ्यावेत. बाळाच्या मांडीला कोणता नीट बसतो, हे कळल्यावर बाकीचे घ्यावेत. रोज धुणार असाल तर दहा-बारा पुरतात. नवा डायपर वापरण्यापूर्वी सुती घडी तीन-चार वेळा धुवावी. त्याशिवाय ती पुरेशी शोषत नाही आणि डायपर गळतो.

धुण्याची पद्धत

• शी आधी संडासात टाकून कापड साध्या पाण्यात खळबळून घ्यावे. वरचे अन्न सुरू झाल्यावर आत पातळ लायनर ठेवल्यास हे काम सोपे होते.
• धुण्याची पावडर पूर्ण मापाने घालावी. ‘बाळाचे कपडे’ म्हणून चिमूटभर पावडर वापरली, तर लघवीचा अंश कापडात राहतो आणि उग्र वास येऊ लागतो. बोअरचे पाणी जड असल्यास पावडर थोडी जास्त लागते.
• फेस पूर्ण जाईपर्यंत खंगाळावे. राहिलेल्या साबणानेही पुरळ येते.
• कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही.
• आवरण उकळू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये.

पावसाळ्यात घडी आवरणातून काढून वेगळी वाळवावी. जाड घडीपेक्षा उलगडता येणारे सुती कापड लवकर वाळते. दमट डायपर बाळाला घालू नये.

पुरळ आले तर?

कापडी डायपर दर दोन-तीन तासांनी आणि शी झाल्यावर लगेच बदलावा. दिवसातून थोडा वेळ बाळाला मोकळे ठेवावे. दोन-तीन दिवसांत पुरळ कमी झाले नाही, फोड आले किंवा ताप आला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मोठ्या भावंडाचे लंगोट-दुपटी माळ्यावरून काढताना एक खबरदारी महत्त्वाची. ते डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले असतील तर तसेच वापरू नयेत. ‘जी-६-पीडी’ या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थलीनमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

एकदाच वापरायचे डायपर पूर्ण बंद करावेत का?

तशी सक्ती कुणावर नाही. प्रवासात किंवा रात्री ते वापरून दिवसा कापडी डायपर वापरले, तरी कचरा बराच कमी होतो. मात्र वापरलेला डायपर शौचालयात टाकू नये. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही तो गुंडाळूनच देण्याची जबाबदारी घरावर टाकली. तो उघडाच दिला, तर कचरा वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराला हाताने उचलावा लागतो.

कापडी डायपरचा पर्यावरणाला होणारा फायदाही धुण्यावरच ठरतो. मशीन पूर्ण भरून लावले, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर हा फायदा वाढतो. दोरी आणि ऊन आपल्याकडे आहेच.

उरतो प्रश्न धुणार कोण, याचा. बाळंतिणीला विश्रांतीची गरज असताना रोजची ही बादली तिच्याच वाट्याला आली, तर कापडी डायपर फार दिवस टिकत नाहीत. म्हणून डायपर मागवण्याआधी खळबळणे, मशीन लावणे आणि वाळत घालणे ही कामे घरात वाटून घ्यावीत. ते जमणार नसेल, तर संख्या कमी ठेवावी.