उत्तर कोणी द्यावयाचे?

लोकप्रतिनिधींच्या हाती मुख्यतः दोन अधिकार असतात: एक कायदे करण्याचा व दुसरा प्रश्न विचारण्याचा. पहिल्याचा गाजावाजा अधिक होतो. परंतु इस्पितळात खाट का मिळाली नाही, गावचा रस्ता कधी दुरुस्त होणार, शाळेत शिक्षक का नाहीत, अशा नित्याच्या अडचणींशी दुसऱ्या अधिकाराचा संबंध अधिक निकटचा आहे. आपल्या विधानसभांत प्रश्नोत्तराचा तास असतो आणि तारांकित प्रश्नांना मंत्री तोंडी उत्तरे देतात, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. ही प्रथा ब्रिटिश पार्लमेंटच्या वळणावर आपल्याकडे रुजली. त्याच ब्रिटिश राज्याच्या एका लहानशा भागात, उत्तर आयर्लंडात, ती कशी चालते आणि बंद पडली तेव्हा काय घडले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या घटक राज्यांना त्यांचे अधिकार राज्यघटनेने दिलेले आहेत. उत्तर आयर्लंडाचे तसे नाही. १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्ट येथे झालेल्या करारानंतर लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून आपले काही अधिकार तेथील विधानसभेकडे सोपविले व २ डिसेंबर १९९९ पासून तो कारभार सुरू झाला. आरोग्य, शिक्षण, शेती, रस्ते हे विषय तिकडे गेले. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार लंडनकडेच राहिले. पोलीस व न्याय हे विषय २०१० मध्ये सोपविण्यात आले. बेलफास्टजवळ स्टॉरमाँट येथे ही विधानसभा भरते. तिचे सभासद ९० आहेत.

तेथील मंत्रिमंडळ एका पक्षाचे नसते; पक्षांच्या बळाच्या प्रमाणात मंत्रिपदे वाटली जातात. त्यामुळे अनेक वर्षे बहुतेक सर्व मोठे पक्ष सरकारातच बसत. अधिकृत विरोधी पक्षाची कायदेशीर तरतूद २०१६ मध्ये झाली. जेथे विरोधी बाके अशी विरळ, तेथे एकेका सभासदाच्या प्रश्नाचे महत्त्व किती वाढत असेल, याची कल्पना सहज करता येईल.

आता एका प्रश्नाचा प्रवास पाहू. समजा, एखाद्या सभासदास जाणून घ्यावयाचे आहे की, आपल्या भागातील किती रुग्ण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षाहून अधिक काळ वाट पाहत आहेत. तो प्रश्न लिहून विधानसभेच्या कचेरीत देतो. विषय सोपविलेल्यांपैकी आहे काय, तो त्याच मंत्र्याच्या अखत्यारीत येतो काय, याची तेथे छाननी होते. मग प्रश्नास क्रमांक पडून तो आरोग्यखात्याकडे जातो. लेखी प्रश्नास कामाच्या १० दिवसांत आणि तातडीच्या प्रश्नास ५ दिवसांत उत्तर अपेक्षित असते. इस्पितळे चालविण्याचे काम प्रादेशिक आरोग्यसंस्थांकडे आहे. त्यांच्याकडून खात्याचे अधिकारी आकडे मागवितात व उत्तराचा मसुदा तयार करतात. पण उत्तर जाते ते मंत्र्याच्या नावाने. मसुदा कोणीही लिहो, जबाबदारी मंत्र्याची. हे उत्तर केवळ विचारणाऱ्यास मिळून थांबत नाही. ते प्रसिद्ध होते व कोणाही नागरिकास वाचता येते.

तोंडी प्रश्नांसाठी सोमवार व मंगळवार राखलेले असतात. मूळ प्रश्न मंत्र्यास आधी कळलेला असतो, त्यामुळे त्याचे उत्तर लिहून आणता येते. त्यामागून येणारा उपप्रश्न मात्र आधी ठाऊक नसतो. मंत्र्याची आपल्या खात्यावर खरोखर किती पकड आहे, हे तेथे दिसून येते.

सर्वच उत्तरे समाधानकारक असतात असे मात्र नव्हे. कधी मंत्री संबंधित संस्थेकडे बोट दाखवितात. कधी ‘ही माहिती गोळा करण्यास अवाजवी खर्च येईल’ असे सांगितले जाते. ही टोलवाटोलवी वाटेल, व कधी ती तशी असतेही. परंतु चतुर सभासद तिच्यातूनही बोध घेतो. अमुक गोष्टीची सरकार मोजदादच ठेवीत नाही, हे कळणे हीदेखील माहितीच होय. मग तो पुढील प्रश्न अधिक नेमका करतो: कोणते इस्पितळ, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती रुग्ण? मोघम प्रश्नास मोघम उत्तर मिळते, हा नियम वर्गात तसाच विधानसभेतही खरा आहे.

ही सारी व्यवस्था एकदा ठप्प झाली. लाकडाच्या गोळ्यांसारखे इंधन जाळून उष्णता मिळविण्यास उत्तेजन देणारी एक योजना तेथे २०१२ मध्ये सुरू झाली होती. तिच्यातील अनुदान इंधनाच्या खर्चाहून अधिक असल्यामुळे जितके जाळावे तितका लाभ, असा विपरीत प्रकार घडला. या व इतर वादांतून ९ जानेवारी २०१७ रोजी उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, आणि पुढे तीन वर्षे, जानेवारी २०२० पर्यंत, मंत्रिमंडळ बनू शकले नाही. २००२ ते २००७ या काळातही विधानसभा स्थगित होती. पण तेव्हा लंडनचे मंत्री कारभार पाहत व त्यांना तेथील पार्लमेंटात जाब विचारता येई. या वेळी तसेही झाले नाही. शाळा भरत होत्या, रुग्णवाहिका धावत होत्या, अधिकारी आपली कामे करीत होते. परंतु सभागृहात उभे राहून उत्तर देणारा मंत्री कोणीच नव्हता.

याचा परिणाम लवकरच दिसला. २०१७ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कचरा जाळण्याच्या एका मोठ्या भट्टीस परवानगी दिली. विरोधक न्यायालयात गेले. असा निर्णय मंत्र्यावाचून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यास नाही, असे २०१८ मध्ये प्रथम उच्च न्यायालयाने व नंतर अपील न्यायालयाने ठरविले. अखेर त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटला खास कायदा करून अधिकाऱ्यांना मर्यादित अधिकार द्यावे लागले. पुढे ऑक्टोबर २०२२ पासून पुन्हा मंत्री नव्हते. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी नवे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा कोठे प्रश्नोत्तरांचा क्रम पूर्ववत सुरू झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. मंत्र्यावाचून सार्वजनिक सेवा काही काळ चालू शकतात. परंतु चुकले तर कोणास विचारावे, हे लोकांना कळेनासे होते आणि अवघड निर्णय खोळंबतात. प्रश्न विचारण्याचा अधिकार जितका मोलाचा, तितकेच उत्तर देण्यास बांधलेला मनुष्य जागेवर असणे अगत्याचे.

आपणांस विधानसभेत प्रश्न विचारता येत नाही, हे खरे. परंतु सभासदाच्या प्रश्नामागे पुष्कळदा एखाद्या नागरिकाने त्यास लिहिलेले साधे पत्र असते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, विधानसभेतील प्रश्नोत्तरे वाचताना केवळ खडाजंगीच्या बातमीवर समाधान मानू नका. प्रश्न काय होता, उत्तर कोणी दिले आणि दिलेले उत्तर त्याच प्रश्नाचे होते काय, एवढे ताडून पाहण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.