मँचेस्टरच्या हवेतले पाणी

इंग्लंडमधल्या मँचेस्टरची ख्याती पावसाचे शहर अशी आहे. तिथला आठवड्याचा हवामान अंदाज पाहिला, तर बहुतेक दिवशी ढगाखाली दोन-चार थेंब काढलेले असतात. आकडे मात्र वेगळेच सांगतात. तिथे वर्षभरात साधारण 850 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एवढा पाऊस एकट्या जुलैत पडून जातो. फरक पडण्याच्या रीतीत आहे. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, मँचेस्टरचा मात्र दीडशेच्या आसपास दिवसांत विखुरलेला, बाराही महिने थोडा थोडा. म्हणून तिथली हवा क्वचितच कोरडी होते आणि त्या शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर पावसाच्या बेरजेपेक्षा हा दमटपणाच जास्त कामाला येतो.

अटलांटिक महासागरावरून पश्चिमेचे वारे बाष्प घेऊन येतात. शहराच्या पूर्वेला पेनाइन डोंगररांग आहे. तिला धडकून हवा वर चढते, थंड होते आणि बाष्पाचे ढग होतात. सह्याद्रीवर घडते तेच, पण लहान प्रमाणात. अंदाज बांधणाऱ्यांची खरी कसोटी वाऱ्याच्या दिशेत असते. नैर्ऋत्येकडून वारा आला तर वेल्सचे डोंगर बरेचसे पाणी आधीच उतरवून घेतात. तोच वायव्येकडे वळला की आयरिश समुद्रावरच्या सरी डोंगरांमधल्या सखल पट्ट्यातून आत घुसतात. म्हणून अंदाज टक्क्यांत दिला जातो. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून संगणकावर तेच गणित अनेकदा सोडवतात. दहापैकी सहा उत्तरांत पाऊस आला, तर शक्यता ढोबळमानाने 60 टक्के. दिवसाचा 60 टक्के वेळ पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ नाही.

हा दमटपणा शहराच्या इतिहासात कुठे येतो ते पाहायला आता तिथल्या सूतगिरण्यांच्या कापसाकडे वळू. कापसाचा तंतू हवेतला ओलावा शोषतो आणि ओलावला की अधिक मजबूत होतो. कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि चातीवर सूत तुटू लागते. मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यातल्या दमट हवेत बारीक सूत कमी तुटत असे. एवढ्यावरून गिरण्यांचे सारे श्रेय हवामानाला देणे मला पटत नाही. जवळचा कोळसा, लिव्हरपूलचे बंदर आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमातून पिकलेला कापूस यांच्याशिवाय ते साम्राज्य उभेच राहिले नसते. शिवाय निसर्गाचा ओलावा पुरेना तेव्हा मालकांनी मागांच्या शेडमध्ये वाफ सोडली. धागा टिकला, पण कामगार त्या घुसमटीत दिवस काढत राहिले. अखेर 1889 मध्ये कायदा करून ब्रिटिश संसदेला या दमटपणावर मर्यादा घालावी लागली.

मँचेस्टरमध्येच शास्त्रज्ञ जॉन डाल्टन राहत होता. 1787 मध्ये त्याने हवामानाची वही सुरू केली आणि 1844 मध्ये मृत्यू येईपर्यंत, 57 वर्षे, ती चालू ठेवली. सुमारे दोन लाख नोंदी! हवेत वाफ राहते तरी कशी, हा त्याला छळणारा प्रश्न. ती हवेशी रासायनिक संयोग न पावता स्वतंत्र वायू म्हणून राहते आणि आपला वेगळा दाब देते, या निष्कर्षापर्यंत तो पोहोचला. वायूंच्या मिश्रणाचा हाच विचार पुढे त्याला अणुसिद्धांताकडे घेऊन गेला. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा माणूस रोज पर्जन्यमापक वाचत होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

डाल्टननंतर रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथने पाऊस किती पडला याऐवजी पावसात काय आहे ते तपासले. 1852 मध्ये त्याने मांडले की दूरच्या शेतांत पावसात अमोनियाचे कार्बोनेट सापडते, उपनगरांत अमोनियाचे सल्फेट आणि शहरात थेट सल्फ्युरिक आम्ल. कोळशातल्या गंधकाचा हा प्रताप होता. त्याच धुराने झाडांच्या खोडांवर काजळी बसली होती आणि अशा खोडावर गडद पतंग पक्ष्यांच्या नजरेतून निसटत. 1848 मध्ये मँचेस्टरमध्ये ठिपकेदार पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला. 1895 पर्यंत त्या भागातले सुमारे 98 टक्के पतंग काळे झाले होते. धुरावर कायद्याचा खरा लगाम यायला मात्र 1950 चे दशक उजाडले. हवा निवळली, तसे फिकट पतंग परतले.

महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून आपण इचलकरंजी ओळखतो. तिथल्या आणि भिवंडी, सोलापूर, मालेगावच्या शाळांना माझी विनंती आहे: एक पर्जन्यमापक आणि आर्द्रता मोजायला कोरड्या-ओल्या फुग्याचे दोन तापमापक घ्या, मुलांच्या हाती वही द्या आणि येत्या जूनपासून रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद सुरू करा.