जुनी यंत्रे ओढताना : साखळीसाठी आकडा व शॅकल यांची सुरक्षित निवड

चेन्नईजवळचे ओरगडम आज मोटारनिर्मितीसाठी ओळखले जाते. तथापि त्याच्या भोवताली, कांचीपुरम जिल्ह्यात, तळ्यांच्या पाण्यावरील भातशेती अद्याप टिकून आहे. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत खोडकिडीच्या सर्वेक्षणासाठी या भागात गेलो असता, चिखलात रुतलेला एक जुना ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढण्याचे काम प्रस्तुत लेखकाने पाहिले. साखळी जाड व नवी होती. परंतु तिचे दोन तुकडे जोडणाऱ्या शॅकलची मूळ पिन हरवल्याने त्या जागी साधा बोल्ट घातला होता. तो तुटला आणि साखळीचे सुटे टोक चालकाच्या अगदी जवळून गेले. इजा झाली नाही, हा केवळ योगायोग. कोकणातील व पूर्व विदर्भातील भातखाचरांतही ट्रॅक्टर असेच रुततात. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

साखळीची प्रत ओळखणे

साखळीचे बळ केवळ जाडीवरून ठरत नाही. ग्रेड 80 च्या साखळीवर ठरावीक अंतराने 8, 80 किंवा टी अशी खूण उमटवलेली असते. 10 मिमी जाडीच्या कडीच्या दोन्ही बाजूंचा एकत्रित छेद सुमारे 157 चौ. मिमी भरतो. ग्रेड 80 मध्ये दर चौ. मिमीला 800 न्यूटन धरल्यास तुटभार सुमारे 12.8 टन येतो. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे 3.15 टन, हा सुरक्षित कार्यभार होय. तेवढ्याच जाडीच्या ग्रेड 30 साखळीचा कार्यभार मात्र सुमारे 1.2 टनच असतो. दोन्ही दिसायला सारख्याच! खूण नसलेली साखळी ओढकामास वापरू नये.

शॅकल

सांध्याचा कार्यभार साखळीपेक्षा कमी नसावा. प्रमाणित घडीव बो शॅकलमध्ये 13 मिमी मापाचा कार्यभार 2 टन, तर 16 मिमीचा 3.25 टन असतो. म्हणून वरील ग्रेड 80 साखळीस 16 मिमीचे शॅकल योग्य. 13 मिमीचे नव्हे. कार्यभाराचा आकडा शॅकलच्या अंगावरच उठवलेला असतो.

शॅकलची पिन सामान्यतः त्याच्या कमानीपेक्षा एक माप जाड असते. 16 मिमी शॅकलची पिन 19 मिमीची असते. तिच्या जागी भोकात सैल बसणारा बारीक बोल्ट घातल्यास तो वाकतो. शिवाय 4.6 अशी खूण असलेल्या साध्या बोल्टचे ताणबल दर चौ. मिमीला 400 न्यूटनच असते. पिन हरवली, तर शॅकल बाद समजावे. सतत हादरे बसणाऱ्या जागी नट व कॉटर पिन असलेला प्रकार घ्यावा. ओढ सरळ रेषेत असावी. ती बाजूने 90 अंशांत पडल्यास शॅकलचा कार्यभार निम्म्यावर येतो.

आकडा

आकड्याची प्रत साखळीच्या प्रतीशी जुळणारी असावी. भार आकड्याच्या तळाशी बसावा, टोकावर नव्हे. खटका असलेला आकडा ढिलाईत साखळी निसटू देत नाही. मात्र खटका भार पेलण्यासाठी नसतो. आकड्याचे तोंड मूळ मापापेक्षा 5 टक्क्यांहून अधिक उघडले असेल अथवा 10 टक्के झीज झाली असेल, तर तो बदलावा. बारीक भेग शोधण्यास आमच्या कामातील दहापट भिंग पुरेसे उपयोगी पडते.

जुन्या यंत्रांबाबत विशेष दक्षता

जुन्या यंत्रांचे अनेक भाग बिडाचे असतात. बीड वाकत नाही, एकदम फुटते. त्यामुळे साखळी बिडाच्या घरास न बांधता ओढण्यासाठी दिलेल्या पिनेस अथवा ड्रॉबारला जोडावी. ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर ती मागील धुऱ्याच्या वर बांधल्यास पुढील चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

जुन्या साखळीचा गंज काढण्यास आम्लाचा वापर करू नये. उच्च प्रतीचे पोलाद त्यामुळे ठिसूळ होते. तुटलेली कडी वेल्डिंगने जोडू नये, कारण उष्णतेने पोलादावरील मूळ प्रक्रिया नष्ट होते. हातोडीने दुमडून बंद केलेली कडीही ओढकामास चालत नाही.

ओढण्यापूर्वी

1. साखळी, शॅकल व आकडा या तिन्हींवरील खुणा वाचाव्यात; सर्वांत कमी कार्यभार हाच संपूर्ण जोडणीचा कार्यभार मानावा.
2. रुतलेल्या यंत्रास त्याच्या वजनाहून अधिक ओढ लागू शकते. म्हणून आधी चाकांपुढील चिखल काढावा.
3. साखळी सावकाश ताणावी. झटका देऊ नये.
4. साखळीच्या लांबीहून अधिक अंतरापर्यंत कोणासही उभे राहू देऊ नये.

योग्य शॅकलची किंमत ट्रॅक्टरच्या दुरुस्तीपुढे नगण्य आहे. चालकाच्या जिवाशी तर तिची तुलनाच होऊ शकत नाही. प्रत्येक प्रक्षेत्राच्या अवजारघरात खूण असलेली दोन शॅकल त्यांच्या मूळ पिनांसह राखून ठेवावीत, ही विनंती.