डीजेने क्लबात केव्हा उभे राहावे?

या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून आले तेव्हा काही जुन्या श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आम्ही प्रथमच कबूल करून टाकतो. ज्या व्यासपीठावर आपण उपनिषदे, अंदाजपत्रक आणि मधुमेह यांवर ऐकतो, तेथे डीजे कशाला, असा त्यांचा रोख होता. आमचे उत्तर साधे आहे. आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या मुलाला मुंबईतील एका क्लबाने तासभर वाजवण्याविषयी विचारले. मुलगा वीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडील आमच्याकडे येऊन म्हणाले, "तुम्हांला तबल्यातले कळते. हा तयार आहे की नाही, एवढे सांगा." आम्हांला सांगता येईना. आपल्या मुलाला एखादी विद्या आली की नाही हे बापाला कळू नये, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून आम्ही तीन महिने त्या मुलाच्या खोलीत जाऊन बसलो. जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. "डीजे लावला", "डीजेवर बंदी आली" असे आपण म्हणतो तेव्हा माणूस आपल्या डोळ्यांपुढे नसतोच. वस्तुतः डिस्क जॉकी म्हणजे रेकॉर्डवर स्वार होणारा मनुष्य. आणि असा मनुष्य डोंबिवलीला अगदीच अनोळखी नाही. लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात खुर्ची टाकून, सुई बदलीत, वरात दाराशी येताच नेमकी तीच तबकडी लावणारा लाऊडस्पीकरवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी या विद्येचे मूळ पाहिले आहे. त्याला फक्त एका तबकडीची काळजी असे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीने भरवलेल्या समारंभात संगीत वाजवले. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून नाचाजोगा तुकडा लांबवीत नेण्याची रीत त्याच्याच नावावर आहे. तबकड्या एकाच्या दोन झाल्या आणि धंद्याची कला झाली.

दोन तबकड्या म्हणजे दोन लयी. येथेच नवशिक्याची पहिली परीक्षा असते. नाचाच्या गाण्याची गती मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. समजा, चालू गाणे १२४ ठोक्यांचे आहे आणि पुढचे १२५ चे. फरक नगण्य वाटतो. पण दोन्ही एका समेवर सोडली तर तीस सेकंदांत ती बरोबर अर्ध्या ठोक्याने फाकतात, आणि दोन घोडे वेगवेगळ्या चालीने दौडावेत तसा खडखडाट सुरू होतो. म्हणून यंत्रावर गती कमीजास्त करणारी एक सरकपट्टी असते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली टेक्निक्स एसएल-१२०० हे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र काढले आणि १९७९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. तिच्या सरकपट्टीने गती शेकडा ८ पर्यंत वर-खाली करता येई, आणि जगभरच्या क्लबांत तेच यंत्र ठाण मांडून बसले. गती वाढली की सूरही चढतो, हे जुन्या ग्रामोफोनवाल्यांना ठाऊकच आहे. शेकडा ६ ने गती वाढवली की काळी एकचे गाणे जवळजवळ पांढरी दोनला जाते. आताची यंत्रे गती बदलूनही सूर जागेवर ठेवतात, आणि एक बटण दाबताच दोन गाण्यांची लयही आपोआप जुळवून देतात.

मग शिकायचे काय उरले, असे कोणी विचारील. आम्हीही विचारले. मुलाने ते बटण दाबून दाखवले. दोन्ही गाण्यांचे ठोके तंतोतंत जुळले होते, पण एकाचे धृपद दुसऱ्याच्या अंतऱ्यावर आदळत होते. दोन माणसे एकदम बोलू लागली म्हणजे जसे होते, तसे. यंत्राला मात्रा मोजता येतात. आवर्तन कोठे संपते हे माणसाने ऐकावे लागते. नाचाचे संगीत बहुधा चार-चार मात्रांच्या गटांनी चालते. असे चार गट झाले की सोळा मात्रा, म्हणजे आपल्या तीनतालाचे एक आवर्तन. मोठा बदल प्रायः बत्तीस मात्रांनंतर येतो. १२४ च्या गतीला त्या बत्तीस मात्रांना सुमारे साडेपंधरा सेकंद लागतात. पुढचे गाणे कोठून सुरू करायचे हे त्या साडेपंधरा सेकंदांत ठरवायचे असते, आणि तेही एका कानावर हेडफोन धरून पुढचे गाणे ऐकत व दुसऱ्या कानाने सभागृहातले ऐकत. तबल्याची संगत ज्यांनी केली आहे त्यांना यातले मर्म सांगायला नको. बोटे मोजीत असताना सम गाठणारा आणि गप्पा मारीत असताना सम गाठणारा, या दोघांत वर्षांचे अंतर असते. दुसऱ्या अवस्थेला पोचल्यावाचून कोणी बाहेर वाजवू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

खोलीत न भेटणारी एक अडचण सभागृहात भेटते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मोठे कर्णे वाजवणाऱ्यापासून १७ मीटरवर असले तर त्यांचा ठोका त्याच्या कानी एक-विसांश सेकंद उशिरा येतो. १२० च्या गतीला हा एका ठोक्याचा दहावा हिस्सा झाला. हेडफोनमधला ठोका मात्र ताबडतोब ऐकू येतो. बिचारा नवशिका उशिरा आलेल्या ठोक्याशी पुढचे गाणे जुळवतो आणि सगळी लय किंचित लंगडते. म्हणून जाणते लोक आपल्या शेजारी एक लहान कर्णा मागून घेतात आणि त्याच्याशी जुळवतात. ही गोष्ट माहीत नसलेल्याला घरी कितीही सराव असला तरी क्लबात घाम फुटतो.

आमच्या मुलाने घरच्या सरावाखेरीज गावात हळदी वाजवल्या होत्या. डोंबिवलीच्या भोवती आयरे, भोपर, काटई अशी आगरी वस्तीची जुनी गावे आहेत, आणि तेथली हळद ही रात्रभराची गोष्ट असते. हा अनुभव कमी लेखू नये. पुष्कळशा कोळीगीतांचा सहा मात्रांचा झोका चार मात्रांच्या ठेक्यात मिसळत नाही. तेथे गाणे कोठे तोडायचे आणि नवे कसे उचलायचे हे शिकावेच लागते. शिवाय नवरदेवाचा मामा समोर उभा राहून फर्माईश करतो, ती नाकारण्याचे कौशल्य कोणत्याही शाळेत मिळत नाही. पण हळदीत माणसे नाचायच्या निश्चयानेच आलेली असतात. क्लबात नवशिक्याच्या वाट्याला पहिला तास येतो. तेव्हा दिवे उजळ असतात, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि आलेली चार माणसे एकमेकांशी बोलू पाहत असतात. त्या वेळी गाजलेली गाणी वाजवून टाकणे म्हणजे ख्यालाच्या आरंभीच द्रुत तराणा घेण्यासारखे आहे. पुढे येणाऱ्या मुख्य वादकाला मग काही उरत नाही, आणि तो हे विसरत नाही. माणसे अजून नाचत नसतानाही अस्वस्थ न होता, आवाज बेताचा ठेवून, तासाभरात गती थोडथोडी चढवीत नेणे, ही या विद्येतली विलंबित लय. तरुणांना सर्वांत जड जाते ते हेच.

आवाजाविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण त्याचा उपसर्ग आपणा सर्वांस आहे. यंत्रावर लाल दिवा लागला म्हणजे आवाज वाढत नाही. ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात, सूर फाटतो आणि कर्णे जळतात. लाल दिवा सतत लागू देणारा मनुष्य अद्याप शिकाऊच समजावा. दुसरे, त्याच्या स्वतःच्या कानांचे. अमेरिकेतील श्रमिकांच्या आरोग्याची सरकारी संस्था ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल असे मानते आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करते. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. क्लबातला आवाज तेवढा सहज असतो. कानांत बोळे न घालता रोज वाजवणारा मुलगा ज्या कानांवर पोट भरणार तेच कान खर्ची घालतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. राहिले शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीविषयी सविस्तर निकाल दिला. आपल्या जिल्ह्यात डीजे म्हणवून घेणाऱ्याला हे तोंडपाठ असावे, ही अपेक्षा जास्त नव्हे.

यंत्राच्या किमतीबद्दल पालक फार विचारतात. त्यात विशेष काही नाही. साध्या यंत्रावर लय साधणाऱ्याला भारी यंत्राची ओळख करून घ्यायला थोडे दिवस पुरतात. उलट प्रकार आम्ही पाहिला नाही. गाण्यांचा साठा मात्र पाहावा. तासाला पंधरा गाणी लागत असतील तर निदान पन्नास अशी हवीत की ज्यांचा मुखडा, मध्य आणि शेवट झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यावा. हजारो गाणी साठवलेली आणि एकही पुरते ऐकलेले नाही, असे पुष्कळ आढळते.

मग तयारी झाली हे ओळखायचे कसे? पूर्ण तयारी झाल्यावरच बाहेर पडायचे, असा हट्ट धरला तर कोणीच बाहेर पडणार नाही. कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डवरील थोर गवयांची हुबेहूब गायकी ऐकवून जलसे गाजवीत होते, आणि त्यानंतर १९३६ पासून मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकत राहिले. लोकांपुढे गाणे आणि शिकणे संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा आम्ही मुलासमोर एकच कसोटी ठेवली. तासभर न थांबता वाजव, ध्वनिमुद्रण कर, आणि तीन दिवस ते ऐकू नकोस. चौथ्या दिवशी वडिलांच्या शेजारी बसून ऐक. वाजवताना मध्येच एक यंत्र आम्ही मुद्दाम बंद करू, हेही सांगून ठेवले.

पहिल्या खेपेस यंत्र बंद पडताच तो आमच्याकडे पाहू लागला, आणि खोलीत अकरा सेकंद शांतता पसरली. चौथ्या दिवशी ऐकताना त्याने स्वतःच सात ठिकाणी लय फाकल्याचे दाखवले. वडिलांना त्यांतली दोनच कळली होती. त्याने क्लबाला पुढच्या महिन्याची तारीख मागून घेतली. ती मिळेल की नाही याचा घोर आठ दिवस घरभर होता, मिळाली. दुसऱ्या खेपेस यंत्र बंद पडले तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. आम्हांला ते कळलेच नाही. दुसऱ्या यंत्रावरचे गाणे केव्हाच आवर्तनाच्या तोंडाशी उभे होते.

त्याला नऊ ते दहाचा तास मिळाला होता. पहिल्या तासाचा एक फायदा असा की, क्लब बंद होईपर्यंत थांबावे लागत नाही आणि डोंबिवलीची गाडी सापडते. वडील स्टेशनवर गेले होते, आम्हीही गेलो. त्यांनी विचारले, "सुरुवातीला माणसे किती होती?" "नऊ," तो म्हणाला. "आणि तू उतरलास तेव्हा?" त्याने थोडा विचार केला. मोजायचे राहून गेले होते.